मुखपृष्ठावरील स्त्री

पाबळ येथील मस्तानीची समाधी पाहणाऱ्यास एक साधा प्रश्न पडावयास हरकत नाही : ही स्त्री नेसत काय होती? सन १७४० मध्ये तिचा अंत झाला. विड्याचा रस तिच्या गळ्यातून उतरताना दिसे, ही दंतकथा घरोघर ठाऊक आहे. कांती लोकांच्या स्मरणात उरली, वस्त्र उरले नाही. तिच्या नावाने दाखविली जाणारी चित्रेही निर्विवाद नाहीत. त्यामुळे नाटककार व चित्रपटकर्ते तिला आपापल्या हौसेप्रमाणे सजवीत आले आहेत.

विसाव्या शतकातील स्त्रीविषयी अशी अडचण नाही, असे वरवर पाहता वाटते. कारण तिची मासिके आपल्यापाशी आहेत. का. र. मित्र यांनी १८९५ साली 'मनोरंजन' काढले व १९०९ साली त्याचा पहिला दिवाळी अंक दिला. १९३० साली शं. वा. किर्लोस्कर यांनी किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' सुरू केले. न्यूयॉर्क येथे १८९२ साली निघालेल्या 'व्होग'प्रमाणे ही केवळ पोशाखाची मासिके नव्हेत. तथापि सुशिक्षित स्त्रीने कसे दिसावे, हे त्यांच्या चित्रांनी न बोलता शिकविले.

आता ते चित्र सिद्ध कसे होई, ते पाहू. चित्रकाराचे रंगीत चित्र ठसे करणाऱ्याकडे जाई. तो निरनिराळ्या रंगांच्या काचांतून त्याची छायाचित्रे घेऊन पिवळा, तांबडा व निळा असे वेगवेगळे ठसे तयार करी. प्रत्येक ठशासाठी तोच कागद पुन्हा यंत्राखालून जाई. कागद किंचित सरकला, तर ओठांचा रंग गालावर उतरे! हे काम खर्चाचे. केवळ वर्गणीवर ते निभणे कठीण, म्हणून जाहिरातदाराचा आधार हवा. 'किर्लोस्कर खबर' हे पत्र १९२० साली नांगरांच्या कारखान्यातूनच निघाले होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

म्हणजे मुखपृष्ठावरील स्त्री उभी राहण्यापूर्वी संपादक, चित्रकार, मुद्रक आणि व्यापारी अशा अनेकांनी तिला निरखलेले असे. शिवाय वर्गणी बहुधा वडील किंवा पती भरीत. तेव्हा ती मुलीस हवीशी वाटावी इतकी नवी, आणि वडिलांस खटकू नये इतकी शालीन असणे भाग होते. ही तडजोड, आमच्या मते, त्या चित्रांचा खरा इतिहास होय.

म्हणून अशी मुखपृष्ठे पाहून 'त्या काळी स्त्रिया अशा नेसत' असे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. प्रत्यक्ष वेष जाणावयाचा असेल, तर घरातील जुने छायाचित्र, रुखवताची यादी आणि कापडवाल्याची वही पाहावी. मुखपृष्ठ सांगते ते निराळे : त्या समाजाने आपल्या मुलींस कोणते स्वप्न पाहण्याची मोकळीक दिली होती, ते.

पुढे विद्या बाळ यांनी 'स्त्री'चे संपादन केले व १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. तोवर स्त्रीने कसे दिसावे या प्रश्नाशेजारी दुसरा प्रश्न येऊन उभा राहिला होता : ते ठरवावयाचे कोणी? मस्तानीस हे विचारण्याची सोय नव्हती. आजही तिची वस्त्रे दुसरेच निवडतात.