माळढोक अभयारण्याची सीमा : कोरड्या माळरानावरील संरक्षित क्षेत्राच्या नियोजनाचा इतिहास

वाळवंटी व निमवाळवंटी प्रदेशातील वन्यजीवांसाठी संरक्षित क्षेत्र कसे आखावे, या प्रश्नाची चर्चा जोगेश्वरीसारख्या उपनगरातून करणे काहीसे विचित्र वाटेल. परंतु मुंबईकराच्या मनातील अभयारण्याची कल्पना याच परिसरात घडलेली आहे. येथून जवळच असलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौ. कि.मी. आहे. तेथे डोंगर आहे, दाट झाडी आहे. वस्ती कोठे संपते व वन कोठे सुरू होते हे, अतिक्रमणांचा वाद जमेस धरूनही, डोळ्यांना दिसते. अभयारण्याची हीच वनकेंद्री कल्पना सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांच्या माळांवर लागू केली गेली, तेव्हा काय घडले याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

माळढोक हा या माळांचा पक्षी. 'माळावरचा ढोक' असे सार्थ नाव लोकांनी त्याला दिले. त्याचा नर १५ किलोपर्यंत भरतो. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. गवताळ माळावर त्याची वीण होते, तर नाकतोडे, सरडे, हरभरा, भुईमूग यांच्या शोधात तो भोवतालच्या कोरडवाहू शेतांत हिंडतो. म्हणजेच शेतकऱ्याची ज्वारी आणि गावाचे गायरान हे दोन्ही त्याच्या अधिवासाचे भाग होत. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली सोलापूरच्या उत्तरेस नान्नज परिसरात काही पडीक जमिनी चराई बंद करून राखल्या गेल्या. उद्देश मृदसंधारणाचा व चाऱ्याचा होता. तेथे गवत वाढले आणि माळढोक विणीसाठी येऊ लागला. या पक्ष्याचे महाराष्ट्रातील सर्वांत परिणामकारक संरक्षण मुळात पक्ष्यासाठी योजलेलेच नव्हते, हे इतिहासकाराने नोंदवले पाहिजे.

१९७९ मध्ये शासनाने माळढोक अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र होते सुमारे ८,४९६ चौ. कि.मी.; बोरिवलीच्या उद्यानाच्या ८० पटींहून अधिक. करमाळा, माढा, कर्जत, श्रीगोंदे अशा तालुक्यांतील गावे, रस्ते व खासगी शेते त्यात आली. पक्षी दूरवर फिरतो, म्हणून सीमाही दूरवर नेली, असा विचार त्यामागे असावा. जीवशास्त्राच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता. अडचण कायद्याची होती. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम १८ खाली अधिसूचना निघाली की कलम २० नुसार त्या क्षेत्रातील जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क निर्माण होत नाही. राखीव वनात ही तरतूद कोणाला जाणवत नाही. पण जेथे बहुतांश जमीन शेतकऱ्यांच्या नावावर आहे, तेथे मुलीच्या लग्नासाठी एकर-दोन एकर विकू पाहणाऱ्याच्या वाट्याला माळढोकाचे नाव सर्वप्रथम अडथळा म्हणूनच येणार.

ही चूक महाराष्ट्रापुरती नव्हती. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातील करैरा येथे १९८१ मध्ये असेच अभयारण्य झाले. जमीनव्यवहारांवरील बंधने आणि वाढलेल्या काळविटांकडून होणारी पिकांची नासाडी यांमुळे लोक बिथरले, आणि १९९० च्या दशकात तेथून माळढोक नाहीसा झाला. राजस्थानातील थरच्या वाळवंटात १९८० मध्ये ३,१६२ चौ. कि.मी.चे राष्ट्रीय मरु उद्यान आखले गेले. त्यातही गावे आहेतच. परंतु जैसलमेरकडे पाऊस अत्यल्प आणि वस्ती विरळ असल्याने विस्तीर्ण सीमेचा भार तुलनेने कमी लोकांवर पडला.

सोलापूर जिल्ह्यात मात्र आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते तीच निर्णायक ठरली. अभयारण्याच्या अधिसूचनेनंतर वर्षभरातच, १९८० मध्ये, भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. कालव्याचे पाणी पोहोचले तेथे ज्वारी, करडई व हरभऱ्याची जागा ऊस घेऊ लागला. उसाच्या फडात माळढोक राहत नाही. एकाच शासनाचा एक विभाग नकाशावर माळ राखत होता, दुसरा त्याच जिल्ह्याचे शेत बदलत होता. आणि अधिनियमात जमीन विकण्यास अटकाव असला तरी पीक बदलण्याबाबत काहीच नव्हते. दुष्काळग्रस्त शेतकऱ्याने पाणी नाकारावे अशी अपेक्षा अर्थातच कोणी करू नये. माळावर गिरिपुष्पासारखी झाडे लावण्याचाही प्रमाद घडला, कारण झाडे म्हणजेच वन हा समज वनखात्यातही रुजलेला होता.

सीमा कमी करण्याची मागणी होत राहिली. परंतु सर्वोच्च न्यायालयाचे २००० मधील आदेश व २००२ ची कायदा-दुरुस्ती यांनंतर राज्याला आपल्या अधिकारात सीमा बदलता येईना. अखेर २०१२ मध्ये क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. कि.मी. वर आले. तोवर तेहतीस वर्षे लोटली होती. लहान क्षेत्रच शहाणपणाचे, असा अर्थ मात्र यातून काढू नये. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे अभयारण्य जेमतेम २.१७ चौ. कि.मी. आहे आणि काळविटांना ते मानवले. माळढोकाला तेवढ्यात वीण घालता आली तरी वर्ष काढता येत नाही. त्याला राखलेल्या कुरणांची लहान बेटे हवीत आणि त्यांभोवती कोरडवाहू शेतीचा विस्तीर्ण पट्टा हवा. पहिल्यासाठी कायद्याची बंदी चालते, दुसऱ्यासाठी शेतकऱ्याशी करार करावा लागतो, ज्वारी परवडेल असा. १९७९ मध्ये अशी दुहेरी रचना कोणी मांडली नाही. संवर्धन राखीव क्षेत्र व सामुदायिक राखीव क्षेत्र हे प्रकार कायद्यात आले तेच मुळी २००२ च्या दुरुस्तीने.

देशात आज मुक्त अवस्थेतील माळढोक दीडशेच्या आसपास, आणि ते बहुतेक सर्व जैसलमेर परिसरात आहेत. तेथे सम येथे २०१९ पासून कृत्रिम प्रजननाचे काम सुरू आहे, आणि उच्चदाब वीजतारांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ व २०२४ मध्ये आदेश दिले आहेत. नान्नजच्या कुरणात काळवीट आणि लांडगे आजही दिसतात. माळढोक क्वचित दिसला, तर वर्तमानपत्रात बातमी येते.