दोन मापकांच्या मधला पाऊस

मुंबई, मंगळवार, २६ जुलै २००५

सकाळी ८.३०. भरतीला सात तास वीस मिनिटे

हवामान खात्याचा दिवस साडेआठला सुरू होतो. कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांत आदल्या चोवीस तासांचा पाऊस वहीत उतरला आणि नवा हिशेब सुरू झाला. कोटीच्या वर वस्तीच्या या शहरात पावसाचा जोर तासागणिक टिपणाऱ्या जागा या दोनच. दोघींत वीस-पंचवीस किलोमीटरचे अंतर. कुर्ला, पवई, भांडुप इथे काय पडतेय ते याच दोन आकड्यांवरून ताडायचे.

पाऊस येणार हे ठाऊक होते. मध्य भारतावर कमी दाबाचे क्षेत्र होते आणि कोकण किनाऱ्याला समांतर द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, होती. जुलैत हे नेहमीचेच. लोक छत्र्या घेऊन कामाला गेले.

दुपारी २.३०. भरतीला एक तास वीस मिनिटे

सकाळपासून सांताक्रूझला वीस मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता. वेधशाळेची नियमित निरीक्षणे दर तीन तासांनी होतात. अडीचचे झाले, पुढचे साडेपाचला.

या तीन तासांतच सगळे बिघडले.

२.३० ते ३.३०

त्या काळच्या स्वयंलेखी पर्जन्यमापकात पाणी साचेल तसा तरंगता गोळा वर चढतो, त्याला जोडलेली लेखणी फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर रेघ ओढत जाते. दहा मिलिमीटर झाले की वक्रनळीतून पाणी आपोआप बाहेर ओतले जाते आणि लेखणी धाडकन शून्यावर येते. एरवीच्या दिवशी हे दोन-चारदा होते. त्या दुपारी सांताक्रूझला एका तासात १९० मिलिमीटर पाऊस पडला. या हिशेबाने तासात एकोणीस वेळा, म्हणजे जवळपास दर तीन मिनिटांनी एकदा लेखणी खाली येणार. कागदावर उभ्या रेघांची नुसती दाटी.

शहराची पर्जन्यवाहिनी-व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाण्यासाठी आखलेली होती, तीही ओहोटी धरून. इथे साडेसात पट पाणी आले आणि समुद्र वर चढत होता.

सांताक्रूझच्या मापकाने आपले काम चोख केले. पण तो आकडा मिनिटामिनिटाला पालिकेच्या नियंत्रण कक्षात पोचावा अशी सोयच नव्हती. विहार आणि पवई तलावांचे पाणी घेऊन मिठी नदी विमानतळाखालून कुर्ला, कलिना, वांद्रे करत माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या वरच्या अंगाला काय कोसळतेय हे खालच्या अंगाला, कुर्ल्याच्या बैलबाजारात, कुणालाच कळायची वाट नव्हती.

३.५०. भरती

समुद्र ४.४८ मीटरवर आला. पर्जन्यवाहिन्यांची बहुतेक तोंडे भरतीच्या पातळीखाली, त्यांतल्या बहुतेकांना दारे नाहीत. पाण्याला बाहेर जायला जागा उरली नाही, ते आले त्या वाटेने मागे फिरले. मिठी काठ सोडून वस्त्यांत घुसली.

दक्षिण मुंबईत त्याच वेळी साधा पाऊस चालू होता. मला या साऱ्या घटनाक्रमात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच. मंत्रालय, पालिकेचे मुख्यालय, दोन्ही रेल्वेंची मुख्यालये, सगळी निर्णयाची ठिकाणे कुलाब्याच्या बाजूला. खिडकीतून दिसणारा पाऊस खरा होता, पण तो तेवढ्याच भागाचा होता. कचेऱ्या सुटल्या आणि लोक घरी निघाले, थेट पाण्याच्या दिशेने.

सायंकाळी ६.३०

चार तासांत सांताक्रूझला ४८१ मिलिमीटर. लोकल बंद, विमानतळ बंद, उपनगरांत वीज नाही, मोबाइल मुके. शाळेतली मुले शाळेतच राहिली. अनोळखी लोकांनी घरे उघडली, चहा केला, कोरडे कपडे दिले. गाड्यांच्या काचा बंद ठेवून पाणी ओसरायची वाट पाहणारे काही जण तिथेच गुदमरून गेले. साकीनाक्याला डोंगराचा कडा झोपड्यांवर कोसळला, तिथे सत्तरहून अधिक माणसे दगावली.

२७ जुलै, सकाळी ८.३०

सांताक्रूझ ९४४.२ मिलिमीटर. कुलाबा ७३.४. विहार तलावाजवळची नोंद हजाराच्या वर. एका शहराचा एकच दिवस. मुंबईत चारशेहून अधिक माणसे गेली होती. पुढच्या दिवशी धरण फुटल्याची अफवा उठली आणि जुहूच्या नेहरूनगरात चेंगराचेंगरीत आणखी बळी गेले. खात्रीचा आकडा वेळेवर लोकांपर्यंत जात नसला की अफवेला रान मोकळे मिळते.

त्यानंतर

जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या समितीने या पुराची चौकशी केली. २००६ मध्ये पालिकेने आयआयटी मुंबईचे प्रा. कपिल गुप्ता यांच्या मदतीने शहरभर ३५ स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, बहुतेक अग्निशमन केंद्रांच्या इमारतींवर, कारण तिथे चोवीस तास माणसे जागी असतात. आत एक छोटी दोन कप्प्यांची डोलती वाटी. ठरलेले पाणी साचले की कलंडते, एक विद्युत ठोका नोंदवते, दुसरा कप्पा पुढे येतो. दर पंधरा मिनिटांनी आकडा नियंत्रण कक्षात. मिठीची पातळी मोजणारी यंत्रेही आली, पुढे केंद्रांची संख्या वाढत गेली.

अशी केंद्रे त्या दुपारी असती तर पाऊस थांबला नसता. पण पवई-भांडुपचा तीनचा आकडा सव्वातीनला हाती आला असता, भरतीच्या पस्तीस मिनिटे आधी. शाळा-कचेऱ्यांना जागेवर थांबा सांगायला आणि मिठीकाठच्या तळमजल्यावरून म्हातारी माणसे, लेकरे वर न्यायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

मुंबईबाहेरही आता महावेध या हवामानप्रकल्पामुळे राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत, म्हणजे गावांच्या गटांत, स्वयंचलित केंद्रे आहेत. शेतकऱ्याच्या हवामानावर आधारित पीकविम्याचा दावाही त्यांच्याच आकड्यावर ठरतो. सपाट मुलखात एका मंडळाला एक केंद्र कदाचित पुरेल. सह्याद्रीत डोंगराच्या एका अंगाला मुसळधार आणि दुसऱ्या अंगाला भुरभुर असते, दोन्हीकडे गावे असतात, आणि मापक मात्र बहुधा तालुक्याच्या रस्त्याला लागून बसवलेला. तिथे दुसरे केंद्र वरच्या वाडीजवळच हवे.