सामना शनिवारी, युद्ध रविवारी

मंडळी, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, सेनापती आणि तहनामे उभे राहतात. शाळेतल्या पोरांना तर सनावळीची धास्तीच असते. आज मी तुम्हाला खेळाडूंच्या एका संघाची हकिगत सांगणार आहे. तीत सेनापती नाही की तह नाही. आहेत ती कॉलेजात शिकणारी तरणी पोरे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन नावाचे राज्य आहे. सेलम ही त्याची राजधानी. तेथे विलामेट नावाचे एक लहानसे विद्यापीठ १८४२ साली स्थापन झाले. तेथील मुले अमेरिकन फुटबॉल खेळत. हा खेळ आपल्याकडच्या फुटबॉलहून अगदी निराळा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो छातीशी धरून पुढे धावायचे, आणि समोरच्या अकरा जणांनी धावणाऱ्याला धरून पाडायचे. पकडीपुरते पाहाल तर त्याचे नाते आपल्या हुतूतूशीच जवळचे!

१९४१ च्या मोसमाच्या अखेरीस या संघाला हवाई बेटांवर खेळण्याचे बोलावणे आले. रॉय कीन हे त्यांचे शिक्षक. आगबोटीचा प्रवास करून मुले होनोलुलूला पोचली. ६ डिसेंबरला, शनिवारी, हवाई विद्यापीठाशी सामना झाला. विलामेट ६ विरुद्ध २० गुणांनी हरले. हरले तर हरले. दुसऱ्या दिवशी बेट पाहायला जायचे ठरले होते.

तो दुसरा दिवस म्हणजे ७ डिसेंबर. सकाळी आठाच्या सुमारास जपानी विमानांनी जवळच्या पर्ल हार्बर बंदरावर बाँब टाकले. दोन हजार चारशेवर अमेरिकन माणसे मेली. बेटांवर लष्करी कायदा पुकारला गेला. परतीची वाट बंद झाली.

मग काय केले या पोरांनी? त्यांच्या हाती जुन्या बंदुका आणि संगिनी देण्यात आल्या. कित्येकांनी पूर्वी बंदूक हातात धरलीही नव्हती! वायकीकीच्या किनाऱ्यावर त्यांनी काटेरी तारा ओढल्या. पुनाहौ नावाची शाळा लष्कराने ताब्यात घेतली होती, तेथे रात्रीचा पहारा केला. सॅन होजे येथील कॉलेजचा संघही सामन्यांसाठी तेथे आला होता. त्याचे खेळाडू पोलिसांच्या मदतीला गेले.

१९ डिसेंबरला 'प्रेसिडेंट कूलिज' ही बोट जखमींना घेऊन निघाली. जखमींची शुश्रूषा करायची, या बोलीवर मुलांना तीत जागा मिळाली. पाणबुड्यांच्या भीतीने बोटीवर रात्री दिवा लावायचा नाही. अशा अंधारात कालचे खेळाडू भाजलेल्या सैनिकांच्या उशाशी बसले. २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, बोट सॅन फ्रान्सिस्कोला लागली. पुढे संघातले बहुतेक सारे सैन्यात गेले.

हकिगत येथे संपवता आली असती. पण शिक्षक मंडळींनी तिची दुसरी बाजूही वर्गात सांगावी, असे मला वाटते. ज्या हवाई विद्यापीठाशी सामना झाला, तेथील लष्करी शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही त्याच रविवारी पहाऱ्यावर बोलावले होते. त्यांत पुष्कळ जण जपानी वंशाचे. जन्माने मात्र तेथलेच. त्यांनीही इमानाने पहारा केला. पण जानेवारी १९४२ मध्ये, केवळ वंशामुळे, त्यांना काढून टाकण्यात आले. परगावच्या, बंदूक न शिकलेल्या पाहुण्यांवर ज्या बेटाने विश्वास टाकला, त्याला आपली शिकलेली लेकरे परकी वाटली!

ती मुले मात्र रुसून घरी बसली नाहीत. बंदूक देत नसाल तर कुदळ द्या, अशा भावनेने त्यांनी लष्कराच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. फेब्रुवारीत तो मान्य झाला. वर्षभर त्यांनी दगड फोडले, रस्ते बांधले. १९४३ साली सैन्याची दारे उघडली, तेव्हा त्यांतले अनेक जण ४४२ व्या पलटणीत गेले. ती पलटण इटलीत आणि फ्रान्समध्ये लढली आणि तिने मोठे नाव मिळवले.

सामन्याचे गुण कोणाच्या ध्यानात राहतील न राहतील. पण गावावर संकट आले म्हणजे आपला कोण आणि परका कोण, हे आपण कशावरून ठरवतो? नावावरून, तोंडवळ्यावरून, की त्याने केलेल्या कामावरून? गुरुजी, सनावळी पाठ करून घेण्याआधी हा प्रश्न एकदा मुलांपुढे ठेवून पाहा. आणि आपणही घरी गेल्यावर स्वतःला विचारून पाहू या.