रापी, सुई आणि योजनेतर खर्च

काही वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका शहरात पादत्राण-प्रशिक्षण केंद्राच्या तपासणीसाठी जाण्याचा योग आला. केंद्राचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एका लांबट दालनात चामडे शिवण्याची बारा विजेवरील यंत्रे ओळीने उभी होती. साठा-नोंदवहीनुसार बाराही यंत्रे ‘कार्यरत’ होती. प्रत्यक्षात त्यांपैकी तीन चालत होती. उरलेल्या नऊंवर प्लास्टिकची आच्छादने होती आणि त्यांवरील धूळ पाहता ती बऱ्याच दिवसांत कोणी उचललेली नव्हती. प्रशिक्षणार्थी चोवीस, बहुतेक मुली. तीन यंत्रांभोवती पाळीची वाट पाहत त्या उभ्या होत्या. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम संपल्यावर याच मुली कारखान्याच्या दारात जाणार होत्या आणि तेथे त्यांना प्रमाणपत्र नव्हे, सरळ शिलाई विचारली जाणार होती.

बिघाड काय, असे विचारता प्रमुखांनी ‘तांत्रिक’ एवढेच उत्तर दिले. मग एका वृद्ध निदेशकांनी, ज्यांना तेथे सारे उस्ताद म्हणत, मला एकेका यंत्रापाशी नेले. चार यंत्रांचे पट्टे तुटलेले. तिघांच्या हुकाचे सुईशी असलेले वेळेचे गणित ढळलेले. दोघांत तेलाचा चिकटा बसून दांडे जाम झालेले. त्यांनी एका पाकिटाच्या पाठीवर खर्चाची बेरीज मांडून दाखवली. ती माझ्या त्या दौऱ्याच्या प्रवासभत्त्याहून कमी होती.

यंत्रांचा हा प्रकार समजण्यासाठी चामडे ही काय वस्तू आहे ते थोडे सांगितले पाहिजे. कापडातून सुई जाते तेव्हा ती धागे बाजूला सारते. सुई निघाली की धागे पुन्हा जवळ येतात. चामड्यात तसे होत नाही. तेथे सुईचे टोक पात्यासारखे धारदार असते, ते छेद घेते, आणि घेतलेला छेद कायमचा राहतो. टाका चुकला म्हणून उसवून पुन्हा घातला, तर छिद्रांची दुसरी रांग उमटते आणि तो तुकडा वाया जातो. म्हणून बोथट सुई, वाकडी सुई किंवा दोऱ्याच्या जाडीला न शोभणारी सुई हे कापडाच्या शिवणकामात दुर्लक्षिण्याजोगे दोष असतील. चामड्याच्या कामात ते थेट तोट्याच्या खात्यात जातात. सुईवरील ११० हा आकडा म्हणजे १.१ मिलिमीटर जाडी. हा एवढा तपशील ठाऊक नसल्यामुळे किती माल बिघडतो, ते कारखान्यातील कोणीही सांगेल.

सुई तळाशी जाऊन सुमारे दोन-अडीच मिलिमीटर वर येते, त्या क्षणी हुकाच्या टोकाने तिच्या नेढ्याच्या किंचित वरून जाऊन दोऱ्याचा फास उचलायचा असतो. एखादी सुई जाड थरावर अडकून मोडली, की हुक जागचा हलतो आणि टाके सुटू लागतात. त्यावर उपाय म्हणजे दोन स्क्रू सैल करणे, चाक हाताने फिरवून जुळणी करणे आणि स्क्रू पुन्हा आवळणे. जाणत्या माणसाला अर्धा तास पुरतो. न जाणणाऱ्याला यंत्र ‘तांत्रिक बिघाडामुळे बंद’ असे दिसते.

तेलाची कथा तर आपल्या घरांतही घडलेली आहे. आईच्या शिवणयंत्रात खोबरेल सोडल्याचे अनेकांना आठवत असेल. ते काही दिवस यंत्र मऊ चालवते, मग हवेने घट्ट होऊन चिकटा धरते. आणि उत्तरेतल्या थंडीत तर खोबरेल बाटलीतच गोठते, तेथे यंत्राची काय कथा! चामड्याच्या कामात त्यात भर पडते ती बारीक भुशाची. कडा पातळ करण्याच्या यंत्रात घंटेच्या आकाराचे गोल पाते फिरत असते, त्याला धार लावणारा दगड यंत्रातच बसवलेला असतो. हा भुसा रोज झाडला नाही, तर तो तेलात मिसळून पिठासारखा गोळा होतो. पात्याच्या आतल्या बाजूची कणी काढली नाही, तर कड पातळ होण्याऐवजी फाटते. साचा दाबून चामडे कापणाऱ्या यंत्राखालचा नायलॉनचा फळा वेळोवेळी फिरवावा लागतो, नाहीतर एकाच जागी खळगा पडून साच्याची धार बसते. यांतली एकही गोष्ट कठीण नाही. मात्र प्रत्येक गोष्ट कोणीतरी रोज करावी लागते.

उस्तादांची रापी मात्र लखलखीत होती. जुन्या फडक्यात गुंडाळलेली, लाकडी मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली. कुरुंदाच्या दगडावर ती पाजवून मग चामड्याच्या पट्टीवर ते तिच्यावरून दोन हात फिरवीत. (आपण रापी म्हणतो, तिकडे रांपी, आरी मात्र दोन्हीकडे आरीच.) ही रापी त्यांच्या वडिलांची. नोंदवहीत तिची नोंद नव्हती, कारण ती सरकारची नव्हती.

यंत्राची निगा कोणी राखायची, या प्रश्नाला शिवणयंत्राच्या इतिहासाने निरनिराळी उत्तरे दिली आहेत. एलियास हाउ याने १८४६ मध्ये दुहेरी दोऱ्याच्या टाक्याचे एकस्व घेतले, आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये आपले यंत्र आणले. पण सिंगर कंपनीचे खरे बळ यंत्राइतकेच विक्रीपद्धतीत होते. तिने १८५६ पासून हप्त्यांवर यंत्रे देण्यास आरंभ केला आणि पुढे घरोघरी फिरणाऱ्या प्रतिनिधींचे जाळे उभारले. हप्ता वसूल व्हायचा तर यंत्र चालले पाहिजे. त्यामुळे यंत्र चालू राहण्यात विक्रेत्याचाही स्वार्थ गुंतलेला असे. हिंदुस्थानातील हा कारभार कित्येक वर्षे मुंबईहून एन. एम. पटेल हे पारशी गृहस्थ पाहत असत. यंत्रांचे टीकाकार असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता, आणि अशी यंत्रे बनवणारे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे वा नियंत्रणाखाली असावेत असे सुचवले होते. दुरुस्तीचा प्रश्न त्या संभाषणात आला नाही.

पादत्राणांच्या यंत्रांची गोष्ट याहून बोधक आहे. अमेरिकेत लायमन ब्लेक याने १८५८ मध्ये तळ शिवण्याच्या यंत्राचे एकस्व मिळवले, आणि सुरिनाममध्ये जन्मलेल्या यान मात्सेलिगरने १८८३ मध्ये बुटाचा वरचा भाग फर्म्यावर ताणून बसवण्याचे, तोवर केवळ हातानेच होणारे काम यंत्राकडे सोपवले. १८९९ मध्ये या क्षेत्रातील प्रमुख कंपन्या एकत्र येऊन युनायटेड शू मशिनरी ही कंपनी उभी राहिली. तिने आपली महत्त्वाची यंत्रे विकलीच नाहीत; ती भाडेपट्ट्याने दिली. दुरुस्तीचे वेगळे शुल्क नव्हते, ते भाड्यातच धरलेले. यंत्र बंद पडले की कंपनीचा माणूस येई. गरीब कारखानदारालाही त्यामुळे अद्ययावत यंत्र मिळे आणि ते चालूही राही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पुढचा भाग परिचित असेल. १९५३ मध्ये न्यायाधीश वायझान्स्की यांनी ही कंपनी मक्तेदार असल्याचा निर्णय दिला. या खटल्यासाठी त्यांनी कार्ल केसन या अर्थशास्त्रज्ञाला सहायक म्हणून घेतले होते. केसन यांचे विवेचन १९५६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले, आणि एम.ए.ला असताना ते मी ग्रंथालयात बसून वाचले होते. भाड्यातच दुरुस्ती बांधून टाकल्यामुळे स्वतंत्र दुरुस्ती-व्यवसाय वाढूच शकला नाही, हा त्या निर्णयातील एक कळीचा मुद्दा. कंपनीने यंत्रे विकायलाही ठेवावीत आणि दुरुस्तीचे शुल्क वेगळे आकारावे, असे ठरले. मक्तेदारीविषयीचा तो निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. परंतु एक गोष्ट त्या वयात ध्यानात आली नव्हती. मक्तेदाराच्या राज्यात दुरुस्तीची किंमत कोण देतो हे अस्पष्ट होते, पण दुरुस्ती कोण करतो हे अगदी स्पष्ट होते.

आता आपल्याकडे वळू. १८५७ नंतर सैन्यासाठी खोगिरे व साज बनवण्याचा सरकारी कारखाना कानपुरात निघाला. १८८० च्या सुमारास कूपर ॲलन कंपनीने तेथेच सैन्याचे बूट बनवण्यास प्रारंभ केला. अशा मोठ्या कारखान्यांत यंत्रांबरोबर मिस्त्रीखाताही असतो. पाती पाजवणे, पट्टे जोडणे, तेल घालणे यांसाठी माणसे नेमलेली असतात, आणि त्यांचा पगार उत्पादनाच्या खर्चातच धरला जातो. (साजाचा तो कारखाना पुढे आयुध निर्माणी झाला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेडमध्ये गेला.)

आग्र्याची रचना निराळी. तेथे घराघरांत बूट शिवले जात आणि हींग की मंडीतील व्यापाऱ्यांना विकले जात. व्यापारी रोख पैशांऐवजी पुढील तारखेची चिठ्ठी देई, तिला पर्ची म्हणत. कारागिराला आजच चूल पेटवायची असल्याने तो ती पर्ची कमी किमतीत वटवून घेई. ज्याच्या हाती स्वतःच्या श्रमाचे पूर्ण मोलही येत नाही, त्याने यंत्राच्या झिजेसाठी पैसे बाजूला ठेवावेत अशी अपेक्षा कोणत्या पाठ्यपुस्तकाच्या आधारे करायची?

स्वातंत्र्यानंतर शासन या क्षेत्रात उतरले ते भल्या हेतूने. मद्रासला १९४८ मध्ये केंद्रीय चर्म संशोधन संस्था निघाली. सीतारामय्या समितीच्या शिफारशींनंतर १९७३ पासून कच्च्या आणि अर्धवट कमावलेल्या चामड्याच्या निर्यातीवर निर्बंध आले, तयार मालाला उत्तेजन मिळाले, आणि आधुनिक यंत्रांची गरज वाढली. ग्रामीण कारागिरांना सुधारित हत्यारसंच देण्याची योजना जुलै १९९२ मध्ये आली. संचाची मर्यादा २,००० रुपये, त्यातील दहा टक्के कारागिराने द्यायचे, उरलेले केंद्राने. २००५ मध्ये चर्मोद्योगाच्या एकात्मिक विकास योजनेत लघुउद्योगांना यंत्रखरेदीच्या ३० टक्के अनुदान ठेवले गेले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत चर्मकार आणि शिंपी दोघेही आहेत. हत्यारांसाठी १५,००० रुपये आहेत, शिवाय प्रशिक्षण आणि सवलतीचे कर्जही. ही शेवटची योजना आधीच्यांपेक्षा विचारपूर्वक आखलेली आहे, असे माझे मत आहे. मात्र यांतील प्रत्येक योजनेचा भर हत्यार हाती पडण्याच्या क्षणावर आहे. पाते बोथट होते तो दिवस त्यानंतर येतो.

याचे कारण उदासीनता नव्हे. ते आपल्या अंदाजपत्रकाच्या रचनेत आहे. दीर्घकाळ आपला खर्च योजना आणि योजनेतर अशा दोन कप्प्यांत विभागलेला होता. नवे यंत्र योजनाखर्चात, म्हणजे विकासात. यंत्राचे तेल योजनेतर खर्चात, म्हणजे भारात. काटकसरीचा फतवा निघाला की कात्री चाले ती योजनेतर खर्चावर. रंगराजन समितीने २०११ मध्ये ही विभागणी रद्द करण्याची शिफारस केली आणि २०१७-१८ च्या अंदाजपत्रकापासून ती गेली. कप्पे गेले, टिपणी लिहिणाऱ्यांच्या हाताची सवय गेली असे मात्र मला म्हणवत नाही. खरेदीबरोबर देखभालीचा करार करण्याची सोय सामान्य वित्तीय नियमांत आहे. तो करार करायला कोणी मनाई केलेली नाही, आणि केला नाही म्हणून कोणाला जाबही विचारला जात नाही.

त्या केंद्राची नस्ती मी सायंकाळी विश्रामगृहावर चाळली. यंत्रे आली त्याच वर्षी केंद्राने वार्षिक देखभालीसाठी लहानशी रक्कम मागितली होती. वरून उत्तर आले होते: सदर खर्च आवर्ती स्वरूपाचा असल्याने संस्थेने तो स्वतःच्या साधनांतून भागवावा. सही ओळखीची नव्हती. वाक्य मात्र ओळखीचे होते. सेवेच्या पहिल्या दशकात वित्त विभागाच्या टेबलावर असताना मी स्वतः ते किती प्रस्तावांवर लिहिले, ते आता मोजता येणार नाही. त्या काळी त्याबद्दल माझ्या वरिष्ठांनी माझी वाखाणणीही केली होती.

अहवालात मी दोन शिफारशी केल्या. नऊ यंत्रांची तत्काळ दुरुस्ती, आणि अभ्यासक्रमात दर आठवड्याला एक तास यंत्राची निगा: सुई बदलणे, हुक जुळवणे, पाते पाजवणे. दुसरी शिफारस उस्तादांची होती. मी केवळ तिला परिच्छेद क्रमांक दिला. “साहेब, मुलींना हुक बसवायला शिकवा, मग कोणाची वाट पाहावी लागणार नाही,” असे ते म्हणाले होते.

अनुपालन अहवाल अकरा महिन्यांनी आला. सात यंत्रे सुरू झाली होती. दोन मोडीत काढली होती, कारण त्यांचे सुटे भाग काढूनच उरलेली सात उभी केली होती. साप्ताहिक तासाविषयी ‘विषय विचाराधीन’ असे लिहिले होते. दरम्यान उस्ताद निवृत्त झाले होते, आणि त्यांच्या जागेवर नेमणुकीचा प्रस्ताव आवर्ती खर्चाच्या कारणास्तव परत आला होता.