बाबा रे, तुझा धंदा कोणता?

श्रोतेहो, आजारी माणसाची नाडी पाहिली जाते, जीभ पाहिली जाते, काल काय खाल्ले तेही विचारले जाते. पण 'बाबा रे, तू काम काय करतोस?' हे विचारायचे पुष्कळदा राहूनच जाते. हा प्रश्न वैद्यकात आग्रहाने आणला तो इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने. मोदेना शहरात त्याच्या घरचा शौचकूप उपसायला एक मजूर आला होता. त्याची घाई पाहून रामाझ्झिनीने कारण विचारले, तेव्हा कळले, की चार तासांच्या वर इथे राहिले तर डोळ्यांवरच बेतते! पुढे हा विद्वान माणूस कारागिरांच्या कामाच्या जागी स्वतः जाऊ लागला. १७०० साली त्याने त्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. १७१३ च्या आवृत्तीत छापखान्यातल्या माणसांचीही भर घातली.

खिळे जुळवून छापण्याचा काळ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. ते खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे. जुळारी ते दिवसभर चिमटीत धरायचा आणि हात न धुताच भाकरी मोडायचा. बोटांवरचे शिसे असे पोटात जाई. मग पोटात कळा, अंगात रक्त कमी, कधी मनगटच लुळे. १८४० साली लंडनच्या डॉक्टर हेन्री बर्टन यांनी अशा रोग्यांच्या हिरड्यांवर उमटणारी निळी रेघ दाखवून दिली.

पुढे खिळे गेले. वाटले, सुटलो! पण शाई पुसायला द्रावके आली. जपानात ओसाका शहरी एका लहान छापखान्यात तपासणीच्या प्रती काढीत. यंत्रावरची शाई दिवसातून शेकडो वेळा पुसावी लागे. खोली तळघरातली, हवा पुरती बाहेर जातच नसे. तिथल्या तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाला. एरवी हा रोग उतारवयातला. २०१२ साली हे प्रकरण उजेडात आले, कारण हे रोगी एकाच जागी काम केलेले निघाले. धंद्याचा प्रश्न इथेच कामी आला! २०१४ साली कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्या द्रावकातले डायक्लोरोप्रोपेन हे रसायन माणसात कर्करोग करणारे ठरवले. पण ती माणसे वर्षानुवर्षे ते हुंगत होती, त्याचे काय?

चित्रकलेच्या शिक्षकांनो, तुमच्याही शाळेत मुद्राचित्रे होत असतील. तांब्याचा पत्रा नत्राम्लात बुडवला की तपकिरी वायू निघतो. तो मोठा कपटी. हुंगताना खोकल्यावरच भागल्यासारखे वाटते, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकते. म्हणून नत्राम्ल टाळून फेरिक क्लोराइड वापरतात. त्यातून हा वायू निघत नाही. हातमोजे मात्र तिथेही हवेतच. तेलाची शाई पुसायला रॉकेल कशाला? खाण्याचे तेल आणि मग साबण, एवढ्यावर पुष्कळ काम भागते. बाटल्यांची झाकणे घट्ट, वारा खेळता, आणि कामाच्या टेबलावर चहा-फराळ अजिबात नको.

विष कडू लागेलच, वास मारीलच, असा भरवसा धरू नका. आणि गावातला कोणी शहरातल्या कारखान्यातून आजारी होऊन परत आला, तर त्याला दवाखान्यात नेताना एवढे करा: तो काय काम करीत होता आणि कशात हात बुडवीत होता, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आपणहून सांगा.