कड्यांच्या वाटा आणि पुस्तकांच्या किमती

जुन्या पुस्तकांच्या बाजारात एक विलक्षण न्याय चालतो. ज्या पुस्तकाने आपले काम चोख बजावले, त्याची किंमत उतरते. जे कपाटात निजून राहिले, त्याची चढते. काव्य-नाटकांच्या बाबतीत हा न्याय फारसा खटकत नाही. परंतु खडकांवर चढणाऱ्यांसाठी लिहिलेली वाटाड्या पुस्तके घ्या. ती खिशात घालून डोंगरावर न्यावयाची, भर पावसात उघडावयाची, दोर धरून धरून खरखरीत झालेल्या बोटांनी चाळावयाची. तेव्हा संग्राहक ज्या निष्कलंक प्रतीसाठी थैली मोकळी करतो, ती बहुधा कडा न पाहिलेली प्रत असते!

आल्प्समधील शिखरांसाठी मार्टिन कॉनवे यांनी झेर्मात्त प्रदेशावरचे खिशात मावणारे पुस्तक १८८१ मध्येच काढले होते. ब्रिटनमधील कड्यांना मात्र असा ग्रंथकार मिळावयास आणखी तेरा वर्षे जावी लागली. वॉल्टर पॅरी हॅस्केट स्मिथ हे शिक्षणाने बॅरिस्टर. १८८६ च्या जून महिन्यात ग्रेट गेबल डोंगरावरील ‘नेप्स नीडल’ हा सुळका त्यांनी एकट्याने सर केला. १८९४ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील चढायांचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि पुढच्याच वर्षी वेल्स व आयर्लंड यांचा दुसरा खंड आला. त्यातील आयर्लंडचा भाग एच. सी. हार्ट यांचा. स्थळांची मांडणी कोशाप्रमाणे वर्णानुक्रमे आहे. त्यामुळे हे पुस्तक वाचावयाचे नसून उघडून पाहावयाचे, हे पहिल्याच पानावर ध्यानात येते. स्कॉटलंडचा तिसरा खंड योजिलेला होता, तो कधीच निघाला नाही. नवशिक्या संग्राहकाने हे लक्षात ठेवलेले बरे, नाहीतर जन्माला न आलेल्या खंडाच्या शोधात आयुष्य जावयाचे. स्वतः स्मिथ मात्र दीर्घायुषी निघाले. पहिल्या चढाईला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९३६ मध्ये, शहात्तर वर्षांचे असताना ते त्याच सुळक्यावर पुन्हा चढून गेले.

संग्राहकांचे खरे प्रेम जडले आहे ते दुसऱ्याच एका ग्रंथावर. ओवेन ग्लिन जोन्स हे लंडनमधील एका शाळेत विज्ञान शिकवीत. सरोवर-प्रदेशातील चढायांवरचा त्यांचा ग्रंथ १८९७ मध्ये लॉंगमन्स यांनी काढला. त्यात त्यांनी वाटांची सोप्या, मध्यम, कठीण आणि अतिशय बिकट अशी चार वर्गांत विभागणी केली. आज जगभर गिर्यारोहक ज्या प्रतवारीवर हुज्जत घालतात, तिच्या पूर्वजांत या चार वर्गांची गणना करावी लागते. केझिकचे छायाचित्रकार अब्राहम बंधू यांची तीस पूर्ण पानी चित्रे त्यात कोलोटाइप पद्धतीने छापलेली आहेत, शिवाय मुख्य वाटांचे नऊ शिळाछापाचे आराखडे. १८९९ च्या ऑगस्टमध्ये आल्प्समधील दां ब्लांश शिखरावर जोन्स पडून मरण पावले. वय अवघे एकतीस. दुसरी आवृत्ती १९०० मध्ये अब्राहम यांनी स्वतःच प्रकाशित केली. तीत लेखकाचे चित्र व चरित्र आले आणि पुरवणीही जोडली गेली.

आता यांपैकी कोणत्या आवृत्तीला अधिक मोल द्यावे? बाजार पहिलीकडे झुकतो. कारण ‘पहिली’ या शब्दातच एक मोहिनी आहे. माझे मत निराळे आहे. पहिली आवृत्ती हयात माणसाने लिहिली. दुसरी त्याच्या मित्रांनी त्याच्या मागे सांभाळली. इतिहासाच्या अभ्यासकाला दुसरीतच अधिक सापडते.

पुढे एकट्यादुकट्या लेखकाची जागा मंडळांनी घेतली. क्लाइंबर्स क्लबतर्फे वेल्समधील लिवेद कड्याचे पुस्तक १९०९ मध्ये आर्चर थॉमसन व अँड्र्यूज यांनी सिद्ध केले, आणि फेल अँड रॉक क्लबची मालिका १९२२ मध्ये बॉवर यांच्या कॉनिस्टनवरील पुस्तकाने सुरू झाली. नव्या वाटा निघत, की जुने पुस्तक निरुपयोगी होई. लिवेदचेच पाहा: १९३९ मध्ये नॉइस आणि मेनलव्ह एडवर्ड्स यांचे नवे पुस्तक आले. ज्यांच्या खिशात ते पडले, त्यांना तीस वर्षांपूर्वीचे जुने पुस्तक जपून ठेवण्याचे काय कारण? रद्दीत गेलेल्या अशा प्रतींमुळेच उरलेल्या दुर्मिळ झाल्या. दुर्मिळता म्हणजे पुष्कळदा पूर्वजांची बेपर्वाईच असते.

किंमत ठरविताना विक्रेता बांधणी, शिलाई, कागदावरचे डाग व नकाशे पाहतो. पेन्सिलीच्या खुणा दिसल्या की किंमत कमी करतो, मात्र त्या एखाद्या नामांकित आरोहकाच्या असल्या तर तीच किंमत कित्येक पटींनी वाढवितो. परंतु सर्वांत आधी पाहावयाची गोष्ट म्हणजे चित्रांची संख्या. जोन्सच्या ग्रंथातील चित्रे चौकटीत बसवून भिंतीवर टांगण्याजोगी असल्यामुळे ती कापून काढण्याचा मोह फार.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी पत्रव्यवहाराने मी पहिल्या आवृत्तीची एक प्रत मागविली. माझ्या ऐपतीच्या मानाने ती महागच होती. पुठ्ठा सुंदर, शिलाई घट्ट. मी चित्रे मोजू लागलो, ती अठ्ठावीस भरली. पुन्हा मोजली, तरी अठ्ठावीसच. दोन पाने मुळाशी धारदार पात्याने इतक्या सफाईने कापलेली होती, की बोट फिरविल्यावाचून कळू नये. विक्रेत्याला लिहिले, त्याने मुकाट्याने पैसे परत देण्याची तयारी दाखविली. प्रत बांधावयास घेतली, आणि एका पानाच्या समासात फिकट पेन्सिलीने लिहिलेले चार शब्द दिसले. कोणा अज्ञात माणसाने एका वाटेच्या वर्णनापुढे ‘पाऊस, इथून मागे फिरलो’ अशा अर्थाची नोंद करून खाली तारीख घातली होती. साल होते १९०३. त्या पानाचा कोपरा ओलाव्याने फुगलेला अजूनही हाताला लागतो.

ती प्रत मी परत धाडली नाही.