गालावरचा घाम आणि सॉसेजमधलं विष

बोटॉक्स म्हटलं की सुरकुत्या आठवतात. पण घामावरचा त्याचा उपयोग त्याआधी कितीतरी वर्षं, १८२२ सालीच सुचलेला होता. तेव्हा ते औषध नव्हतं, विष होतं.

जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये बिघडलेली सॉसेज खाऊन माणसं दगावत होती. युस्टिनुस केर्नर हे तिथले सरकारी डॉक्टर, आणि नावाजलेले कवीही. दीडशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यांनी केल्या, विषाचा अर्क स्वतःवर आजमावला. हातपाय लुळे पडतात, हे तर दिसतच होतं. केर्नरांनी त्याच्या जोडीला कोरडेपणाही टिपला: डोळ्यांत पाणी नाही, तोंडात लाळ नाही, कातडी शुष्क. मग त्यांनी लिहिलं, की हेच विष अगदी थोडं दिलं तर अति घामही आवरता येईल. हा तर्क मला थक्क करतो, कारण तो पडताळायला पुढची पावणेदोनशे वर्षं गेली.

मध्ये एक पोलिश डॉक्टर येतात, ल्युत्सिया फ्राय. कानाजवळ गोळी लागलेल्या एका सैनिकाच्या गालाला जेवताना घाम फुटायचा. १९२३ साली त्यांनी याचं नीट वर्णन केलं. जखमेनंतर लाळग्रंथीकडे जाणारे मज्जातंतू पुन्हा वाढताना वाट चुकतात आणि घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. लाळ आणि घाम, दोन्हींसाठी मज्जातंतू ॲसिटिलकोलीन हे एकच रसायन सोडतात. म्हणून घास तोंडात, घाम गालावर. फ्राय यांचा अंत १९४२ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या ल्वूफच्या घेट्टोत झाला. त्यांचं नाव आजाराला मिळालं, त्यावरचा इलाज त्यांना पाहायला मिळाला नाही.

केर्नरांचं विष, म्हणजेच बोटॉक्समधलं बोटुलिनम, नेमकं हे ॲसिटिलकोलीनच सुटू देत नाही. चेहऱ्याची एक बाजू लवते म्हणून बोटुलिनम टोचलेल्या रुग्णांचा तिथला घामही आटतो, हे बुशारा आणि पार्क यांनी १९९४ साली मांडलं. पुढच्याच वर्षी ड्रोबिक आणि लास्कावी यांनी फ्राय यांच्या आजारावर ते वापरल्याचं प्रसिद्ध केलं. गालाला आयोडीन लावायचं, वर स्टार्च भुरभुरायचा, रुग्णाला काहीतरी खायला द्यायचं. जिथे काळंनिळं उमटेल तिथेच कातडीत बारीक सुया. स्नायूंत तीन-चार महिने टिकणारा हा असर इथे पुष्कळदा वर्षभराहून जास्त टिकतो.

कपाळाचा घाम मात्र अवघड. तिथे भुवयांच्या अगदी वर टोचत नाहीत, कारण औषध खालच्या स्नायूत उतरलं तर भुवया ओघळतात.